दुपार कोणाची?

निवृत्तीनंतर काय करावं, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई पडली नाही. समाजाच्या वार्षिक मेळाव्यात त्यावर एक व्याख्यान ठरलेलं. दिवाळी अंकात एक लेख ठरलेला. सकाळी मोबाइल उघडावा तर कुणीतरी पाठवलेला सुविचार हजर, उगवत्या सूर्याच्या चित्रासकट. सगळ्यांचं सांगणं एकच असतं. छंद जोपासा, बागकाम करा, फिरायला जा, नातवंडांत रमा, स्वाध्याय वाढवा, उरलेल्या आयुष्याला काही हेतू द्या. सांगणं वाईट नाही हो. पण हे कोणाला उद्देशून चाललंय? सभागृहातल्या निम्म्याहून जास्त खुर्च्यांवर बायका बसलेल्या असतात आणि त्यांतल्या बहुतेक माझ्यासारख्या गृहिणी. आमची निवृत्तीची तारीख कोणती? शाल-श्रीफळ आम्हाला कुणी, कधी द्यायचं? वक्ते त्यावर काही बोलत नाहीत. शेवटी एवढंच म्हणतात, ‘आणि वहिनी, आता तुम्ही यांची काळजी घ्यायची बरं का!’ सभागृह हसतं. वहिनीही हसतात.

मला त्या हसण्याचा राग येतो, आणि हा लेख त्या रागातून लिहिते आहे.

आमच्या सिल्वासात हा विषय आत्ताच इतका का निघतो, ते आधी सांगते. दादरा-नगर हवेली १९५४ साली पोर्तुगीजांकडून मुक्त झाली आणि १९६१ साली भारतात विलीन झाली, तेव्हा इथे जंगल, शेती आणि आदिवासी पाडे होते. पिपरियाला सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली ती १९६५ साली. पुढे मसाट आणि खडोली. मग करसवलती आल्या आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत सूत, प्लास्टिक, तारा, डबे, काय वाटेल ते बनवणाऱ्या कारखान्यांची रांग लागली. त्या रांगेत उभं राहायला इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीहून पंचविशी-तिशीतले तरुण आले. त्यांच्यामागून आम्ही आलो, कडेवर एक मूल आणि हातात स्टोव्ह घेऊन. ते तरुण आज अठ्ठावन्नचे झालेत. कारखान्यात बहुधा अठ्ठावन्नलाच निरोप देतात. भविष्य निर्वाह निधीची पेन्शनही त्याच वयापासून सुरू होते. मुलं पुण्या-बंगलोरला गेलीत. गावाकडच्या घराची वाटणी होऊन गेली. म्हणजे एकाच वेळी, एकेका सोसायटीत, पाच-सहा पुरुष घरी बसलेले, आणि गावची चावडी नाही, जुना मित्र नाही, भाऊबंद नाहीत.

पुरुषांवर हा प्रसंग कठीण आहे, हे मी नाकारत नाही. तीस वर्षं ज्या माणसाला गेटवरचा रखवालदार सलाम करत होता, त्याला सोमवारी सकाळी साडेसातला जायला जागा नसते. हातांना सवय लागलेली, कानांना यंत्राच्या आवाजाची सवय लागलेली. घरात शांतता असह्य होते. शिफ्ट डायरीत नोंदी करणारा माणूस फ्रिजमधल्या भाज्यांच्या नोंदी करायला लागतो. त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण या माणसाने तीस वर्षांत सिल्वासा पाहिलं ते कंपनीच्या बसच्या खिडकीतून, घर ते गेट आणि गेट ते घर. गाव राखलं ते बायकांनी. शेजारणीकडून गुजराती शिकलो आम्ही. समोरच्या राजस्थानी भाभीकडून पापड आणि हिंदी दोन्ही उचललं. खानवेलच्या बाजूने भाजी घेऊन येणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया बायकांशी आमच्या ओळखी झाल्या, त्यांच्या मुलींच्या लग्नांना गेलो. शाळेचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, देरासरात पाठशाळेला बाई कमी पडली तर कोणाला विचारायचं, पाणी गेलं तर टँकरवाल्याचा नंबर कोणाकडे असतो, हे सगळं आम्हाला माहीत. निवृत्त झालेला पुरुष या गावात नवखा पाहुणा असतो. पाहुणा आला तर आपण त्याला घर दाखवतो. इथे पाहुणाच येऊन सांगतो, हा डबा इथे का ठेवला?

मूळ मुद्दा दुपारचा आहे, तो आता सांगते.

जैन घरातल्या बाईची दुपार किती लहान असते, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे साडेचारला कुकर चढलाच पाहिजे. दुपारचं आवरून ओटा पुसेपर्यंत दीड वाजतो. चातुर्मासात पालेभाजी नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही, कांदा-बटाटा तर नाहीच, त्यामुळे काय करायचं याचा विचार हेच एक वेगळं काम. पाणी गाळणं, डाळी निवडणं, उद्याचं भिजत घालणं. या सगळ्यातून हातात उरतात दोन ते चार, असे दोन तास. एवढेच. पण ते दोन तास आमचे होते. घरात कुणी नसायचं. त्या दोन तासांत कुणी शिवण शिकली, कुणी प्राकृतचे धडे गिरवले, कुणी नुसती पंख्याखाली आडवी झाली. मी लिहायला शिकले. या पुस्तकातला प्रत्येक लेख दोन ते चारमधला आहे.

आम्ही नऊजणींनी बुधवारी दोन ते चार वाचायला सुरुवात केली. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि भांडायचं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आम्ही असंच संपवलं, हसून हसून आणि शेवटी रडून. मग तीन वर्षांत सहाजणींचे नवरे निवृत्त झाले. नऊच्या आम्ही चार राहिलो. ज्या पाचजणी सुटल्या, त्यांनी कारण एकच सांगितलं आणि तेही अगदी सहज, पाऊस पडतोय म्हणावं तसं. ‘हे घरी असतात.’

कुणाच्याही नवऱ्याने ‘जाऊ नकोस’ म्हटलेलं नाही. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला समोर काहीतरी मिळालं असतं. तो फक्त साडेतीनला विचारतो, ‘चहा होणार आहे का?’ मी बी. ए. मराठी घेऊन केलं, म्हणून मला हे वाक्य सोडवत नाही. या वाक्यात करणारी कुठे आहे ते शोधा. नाही सापडणार. व्याकरणाच्या हिशेबाने इथे कर्ता चहा आहे. चहा होतो. जेवण होतं. कपडे होतात. पर्युषणाचं पारणं होतं, पाहुण्यांचं होतं, सगळं आपलं आपण होतं. तीस वर्षं तो घरी नव्हता, तेव्हा हे होत होतं. आता तो समोर बसून पाहतो आहे, तरी त्याला ते होतानाच दिसतं, करणारी दिसत नाही.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानात नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी १९९१ साली या दुखण्याला नावच देऊन टाकलं, निवृत्त-पती-विकार. त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना पोटात व्रण, अंगावर पुरळ, झोप नाही, आणि कारण शोधू गेलं तर घरी बसलेला नवरा. तिथल्या बायका अशा नवऱ्याला ‘नुरे ओचिबा’ म्हणतात, म्हणजे गळालेली ओली पानं. झाडायला जावं तर केरसुणीलाच चिकटतात. हे वाचलं तेव्हा आम्ही चौघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग एकीने विचारलं, ‘तिथे डॉक्टर तरी विचारतो, इथे कोण विचारतं?’ इथे डॉक्टर बीपीची गोळी लिहून देतो आणि सांगतो, टेन्शन घेऊ नका. २००७ पासून जपानात घटस्फोट झाला तर नवऱ्याच्या पेन्शनीतला निम्म्यापर्यंतचा वाटा बायकोला मागता येतो. घटस्फोट घ्या असं मी सांगत नाहीये, पदराला गाठ मारून पळू नका! मी इतकंच दाखवते आहे की, त्या पेन्शनीत तिचेही कष्ट आहेत, हे तिथल्या कायद्याने ती जिवंत असताना आणि तोही जिवंत असताना मान्य केलं.

आपल्याकडे काय आहे? कर्मचारी पेन्शन योजनेत बायकोला पेन्शन मिळते, ती नवरा गेल्यावर आणि त्याच्या निम्मी. किमान एक हजार रुपये महिना, हा आकडा २०१४ पासून चालत आलेला. आणि तिच्या स्वतःच्या कष्टांची किंमत? तीही सरकारदरबारी ठरते, फक्त ती मेल्यावर. गंमत नाही करत. रस्त्यावरच्या अपघातात गृहिणी गेली की विमा कंपनी म्हणते, ही कमावत नव्हती, भरपाई कसली? मग कोर्ट बसून हिशेब करतं. २०१० साली अरुणकुमार अगरवाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जनगणनेवर ताशेरे ओढले होते, कारण २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या पंगतीला बसवून अनुत्पादक म्हटलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या एका अपघातात गेलेल्या जोडप्याच्या खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी पुन्हा तेच सांगितलं की, घरकामाचं उत्पन्न धरलंच पाहिजे. त्या निकालपत्रात २०१९ च्या सरकारी पाहणीचे आकडे आहेत. घरातलं बिनपगारी काम करणारी बाई त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवते, करणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि मुळात करतात किती? शंभरातल्या ८१ बायका आणि २६ पुरुष. उरलेल्या ७४ पुरुषांच्या घरी सगळं आपलं आपण होतं.

२९९ मिनिटं म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पन्नाशी उलटली म्हणून त्यातलं एक मिनिट कुणी कापून दिलेलं नाही. उलट तो घरी आला की वाढतं. सकाळचा दुसरा चहा, अकराची फळं, दुपारी गरम पोळी (डबा नेत होता तेव्हा थंडच खायचा, हे विसरायचं), चारला काहीतरी ‘चटकदार’. वर परदेशातल्या मुलाचा फोन, ‘आई, आता बाबा मोकळे झाले ना, मग तुम्ही दोघं सहा महिने या.’ सहा महिने कशासाठी, ते सांगायला नको. तिथे बाबा बागेत बाकावर बसतात आणि आई बाळाचे डबे भरते. याला आपण नातवंडांत रमणं म्हणतो. रमणं खरंच असतं, मी कोरडी नाही. पण तो दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक आहे, हेही खरं असतं.

आता जे लिहिणार आहे, ते काहींना बोचेल. बुधवारच्या वाचनात आम्ही एकदा यादी केली. उतारवयात ज्यांनी काही उभं केलं, अशा आपल्या मराठी बायका कोण? नावं भराभर आली. रमाबाई रानडे. पुण्याचं सेवासदन १९०९ चं, न्यायमूर्ती १९०१ साली गेले, त्यांच्या आठवणींचं पुस्तक १९१० चं. लक्ष्मीबाई टिळक. टिळक १९१९ साली गेले, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४ साली, तेव्हा बाई छासष्ट वर्षांच्या. ताराबाई मोडक, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. अनुताई वाघ, बालविधवा. यादी लिहून झाली आणि आम्ही गप्प बसलो. एकीच्याही घरात, साडेतीनला चहा विचारणारं कुणी नव्हतं.

मला त्या नवऱ्यांना दोष द्यायचा नाही. रमाबाईंना न्यायमूर्तींनीच शिकवलं, लक्ष्मीबाईंना अक्षरओळख टिळकांनीच करून दिली, हे मला ठाऊक आहे. चांगले नवरे होते. पण चांगल्या नवऱ्याच्या बायकोलासुद्धा स्वतःचं काम हातात घ्यायला तो जाईपर्यंत वाट पाहायला लागली असेल, तर मग प्रश्न नवऱ्याच्या चांगुलपणाचा राहत नाही, घराच्या घडणीचा होतो. पेन्शन नवरा मेल्यावर, किंमत आपण मेल्यावर, आणि दुपारही वैधव्यात. अशा रीतीने काही मिळावं अशी कुठल्या बाईची इच्छा असेल? मला तर दोघंही जिवंत, धडधाकट असताना माझे दोन तास हवे आहेत.

ताराबाईंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्या आपल्या शेजारच्या. वापीहून मुंबईच्या गाडीत बसलात तर उंबरगावनंतर घोलवड लागतं. तिथून बोर्डी जवळ आणि कोसबाडची टेकडीही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून, नाव मिळवून झालेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या, तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. माझ्या आणि तुमच्या वयाच्या. खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. १९५७ साली सगळं काम कोसबाडला हलवलं, तेव्हा वय पासष्ट. गुरं राखायला जाणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणावर शाळा. पद्मभूषण मिळालं तेव्हा सत्तर. अनुताई पहिल्यापासून त्यांच्याबरोबर होत्या आणि ताराबाईंच्या मागे त्यांनी ते काम पुढे नेलं. अनुताईंना पद्मश्री १९८५ साली मिळाली, पंचाहत्तरीत. याला कुणी छंद म्हणेल का? मला ‘छंद’ या शब्दाचीच चीड येते ती इथे. पन्नाशीच्या बाईला समाज छंद देऊ करतो तो कसा, तर खेळण्यासारखा. ट्रेवर नक्षी काढा, मोत्यांची तोरणं करा, भजनी मंडळात टाळ वाजवा, आणि साडेचारला घरी या.

वारली चित्रंच घ्या, आता आपल्याकडे त्यांचे वर्ग निघालेत. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढण्याचा मान वारल्यांत सवाष्णींचा. कित्येक पिढ्या बायकांनीच काढला. तोवर ती रीत होती. सत्तरच्या दशकात कागद आला, प्रदर्शनं आली, पैसा आला, आणि त्याबरोबर ब्रश पुरुषांच्याही हातात आला. जिव्या सोमा मशे फार मोठे कलावंत, २०११ च्या पद्मश्रीवर त्यांचा पूर्ण हक्क. माझं म्हणणं बघणाऱ्यांबद्दल आहे. बायका काढत होत्या तोपर्यंत कलावंत म्हणून कुणाचं नाव घ्यावं असं कुणाला सुचलं नाही. घरातही तेच. बाईने तीस वर्षं स्वयंपाक केला ते कर्तव्य. निवृत्त माणसाने एका रविवारी मटारचा पुलाव केला की तो छंद, त्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि मागचा ओटा कोणी पुसला ते फोटोत येत नाही.

आपल्या धर्माने या वयाचा विचार केलेला नाही का? केलेला आहे, आणि इतका बारीक की आजच्या कुठल्याही व्याख्यात्याला तो जमणार नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत, म्हणजे गृहस्थाने चढत जायच्या अकरा पायऱ्या. आठवी आरंभत्याग. नोकरी, शेती, व्यापार यांतून हात काढून घ्यायचा. हीच खरी निवृत्ती. आपले पुरुष या पायरीपर्यंत येतात, कंपनीच उचलून आणून ठेवते. नववी परिग्रहत्याग, तिच्याविषयी बोलायला नको, एफडीच्या पावत्या कोणाच्या कपाटात आहेत ते आपल्याला माहीत आहे. दहावी मात्र मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावी अशी आहे. अनुमतित्याग. संसाराच्या कामात संमती द्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही, हे करा ते करू नका असं म्हणायचं नाही. आणि अकरावी, उद्दिष्टत्याग. आपल्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलं अन्न घ्यायचं नाही. आमच्यातली एक हे ऐकून म्हणाली, ‘माझ्याकडे अकरावी राहू दे, दहावीचं कुणी फॉर्म भरून घेईल का?’

प्रतिमा फार कडक व्रतं आहेत, घरातल्या कुरबुरीसाठी ती नाहीत, हे मी जाणते. कुणी महाराजांकडे माझी तक्रार नेऊ नये. पण त्या पायऱ्यांमागचा विचार घेण्यासारखा आहे. काम सोडलं म्हणजे अधिकारही सोडायचा असतो, आणि मागणीही कमी करायची असते. आपल्या घरांत काम सुटतं, अधिकार तेवढा ऑफिसातून घरी येतो. दुसरं म्हणजे, या पायऱ्या श्राविकेलाही आहेत. मग आरंभत्याग आपल्यातल्या कितीजणींना करता येईल? आपण चूल विझवली तर त्या दिवशी घर जेवेल का? दशलक्षणात आपण उपवास करतो आणि घरच्यांना वाढून मग मंदिरात जातो. पोट रिकामं असताना फोडणी देणारी बाई मला कुठल्या शास्त्रात सापडलेली नाही, आपल्या गल्लीत मात्र घरोघरी सापडते.

आता आपल्याबद्दलही बोलू. ‘मला बाई कामाशिवाय करमत नाही,’ असं ऐटीत सांगणाऱ्या आपल्यात कमी नाहीत. त्यांनी पाहिलंच नाही, तर करमतं की नाही हे कळणार कसं? ‘यांना साधा गॅस पेटवता येत नाही’ हे कौतुकाने सांगायची गोष्ट आहे का? ज्या माणसाने लाखो रुपयांचं यंत्र चालवलं, वीस माणसांची पाळी लावली, त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, हे मी तरी मानणार नाही. आणि त्याने पोळी केलीच, तर ती नकाशासारखी झाली म्हणून हसू नका. मागे उभं राहून सूचनाही देऊ नका. स्वयंपाकघर हे आपलं राज्य म्हणून आपणच दाराशी पहारा देतो आणि मग आत एकटीच घाम गाळतो. नवऱ्याला अनुमतित्याग सांगायचा, तर तो ओट्याशी उभा असताना आपल्यालाही पाळायला हवा.

संसार मोडायला शिकवते, असं म्हणणारे असतीलच. मागच्या लेखसंग्रहावरही एका ज्येष्ठांनी निरोप पाठवला होता की, लेखिकेने धर्मावर लिहावं, घरातलं घरात ठेवावं. त्यांना माझं उत्तर असं की, मी जोडायचंच सांगते आहे. अठ्ठावन्नचा पुरुष आणखी वीस-पंचवीस वर्षं जगणार. तो वीस वर्षं पाहुणा म्हणून राहणार की घरचा म्हणून? बागकाम, बुद्धिबळ, हार्मोनियम, सगळं त्याने करावं. वनगंगेला फेऱ्या माराव्यात. पण त्याआधी एक वेळचं जेवण पूर्ण स्वतःकडे घ्यावं. पूर्ण म्हणजे काय आणायचं इथपासून ओटा पुसण्यापर्यंत. ‘तू सांग, मी करतो’ हे चालणार नाही, सांगणं हेच निम्मं काम आहे. संध्याकाळचं घेतलं तर उत्तम, कारण मग आपली दुपार सहापर्यंत लांबते. त्याला साडेचारला कुठेतरी जायचं असेल, कुणीतरी वाट पाहत असेल, हातून काहीतरी घडत असेल, तर सोमवारची सकाळही त्याला इतकी खायला उठणार नाही. आयुष्याचा हेतू शोधायला त्याला व्याख्यानाला जायची गरज नाही. तूरडाळ संपत आली आहे.

आणि पैसे. पीएफची रक्कम आली की पहिल्याच महिन्यात तिच्यातला एक भाग आपल्या एकटीच्या नावावर ठेवून घ्या. जोडखातं वेगळं, ते असूच दे. एकटीच्या नावावर म्हणजे ज्यातून शिवणयंत्र घेताना, कोर्सची फी भरताना, कोसबाडला जाऊन यायचं भाडं देताना कुणाला विचारावं लागणार नाही. ही भीक नाही आणि बक्षीसही नाही. तीस वर्षं दिवसाची पाच तासांची कामं मोजा, कोर्ट मोजतं तशी, फक्त आपण धडधाकट असताना.

सुटलेल्या पाचजणींतली एक गेल्या महिन्यात परत आली. घरी काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही एक नियम केला. बुधवारचा चहा आमच्यातल्या कुणी करायचा नाही. ज्यांच्याकडे निवृत्त माणूस आहे, त्यांच्या घरून पाळीपाळीने थर्मास यायचा. पहिला थर्मास आला त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. आम्ही पाचही जणींनी तो संपवला आणि निरोप पाठवला, छान झाला होता, पुढच्या वेळी आलं घाला. आलं आपल्याला चालत नाही, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी उलट निरोप पाठवला, सुंठ घालू का? पुढची पाळी माझ्या घरची आहे.